शिवणीला दुसरा दोरा देणारे एलियस हाऊ



आपल्या बेटावर घरापुढचा व्हरांडा, म्हणजे आपण ज्याला वारांग म्हणतो ती जागा, घरातली सर्वांत वापरातली असते. सकाळचा चहा तिथे, भाजी निवडणे तिथे, संध्याकाळच्या गप्पाही तिथेच. तिथल्या वेताच्या किंवा लोखंडी खुर्च्या वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांवरच्या गाद्या मात्र उन्हापावसाने विरून जातात. बाजारातून नव्या आणायच्या तर पैसे बरेच पडतात आणि मापही नेमके जुळत नाही. म्हणून कित्येक घरांत मशीनवरचे झाकण निघते, कापड बेतले जाते आणि रविवारच्या एका दुपारी घरच्या घरी चार खुर्च्यांच्या खोळी शिवून होतात.

त्या गादीवर रोज कुणाचे ना कुणाचे पुरे वजन पडते, मुले तिच्यावर उड्या मारतात, तरी शिवण उसवत नाही. का उसवत नाही, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्या टाक्यामुळे हे साधते त्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील एका लंगड्या, गरीब कारागिराने मिळवले. त्याचे नाव एलियस हाऊ. त्यांचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेले नसेल. मशीन म्हटले की आपल्याला सिंगर आठवते. गांधीजींनाही तेच आठवले होते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून हिंदुस्थानात जाताना गांधीजी आपल्या बेटावर काही दिवस राहून गेले, हे आपण जाणतोच. पुढे १९२४ साली शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याने त्यांना यंत्रांविषयी प्रश्न केला, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून जागा दिली. पत्नीला हाताने टाके घालताना होणारे कष्ट सिंगर यांना पाहवले नाहीत आणि तिच्यावरील प्रेमापोटी त्यांनी हे यंत्र रचले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गोष्ट मोठी सुंदर आहे. परंतु इतिहास पाहिला तर ती सिंगर यांच्यापेक्षा हाऊ यांना अधिक शोभते. हाऊ यांच्या गोष्टीचा शेवट मात्र इतका गोड नाही.

गिरणीवाल्याचा लंगडा मुलगा

एलियस हाऊ यांचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी. शेतीच्या जोडीला धान्य दळण्याची आणि लाकूड कापण्याची गिरणी होती, पण आठ मुलांच्या संसारात ती मिळकत पुरत नसे. एलियस जन्मतःच एका पायाने अधू होता. कापूस पिंजण्याच्या फण्या त्या काळी घरोघर हातांनी तयार होत. चामड्याच्या पट्टीत तारेचे बारीक दात एकेक करून बसवायचे, हे काम मुलांकडे असे. सहा वर्षांचा एलियस भावंडांबरोबर बसून ते दात खोवी. कापूस, तार आणि बारीक हातकाम यांच्याशी त्याची ओळख अशी लहानपणीच झाली.

बाराव्या वर्षी त्याला शेजारच्या एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवले, पण अंगमेहनत झेपेना म्हणून तो परत आला. १८३५ साली तो लोवेल या गिरण्यांच्या शहरी गेला आणि सूतगिरणीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले आणि त्याचीही नोकरी गेली. पुढे केंब्रिज येथे काही दिवस काढून तो बोस्टनला आरी डेव्हिस यांच्या दुकानात लागला. दर्यावर्दी आणि शास्त्रज्ञ लोकांना लागणारी उपकरणे तेथे बनत.

या दुकानात एकदा एक धनिक एका संशोधकाला घेऊन आले. विणकामाचे यंत्र जमत नव्हते, त्याविषयी सल्ला हवा होता. बोलता बोलता शिवणयंत्राचा विषय निघाला. असे यंत्र जो करील त्याचे नशीब उजळेल, असे त्या धनिकाने सांगितले. कोपऱ्यात काम करणाऱ्या विशीतल्या हाऊ यांनी ते ऐकले आणि ते त्यांच्या मनात रुतून बसले.

एलिझाबेथची सुई

१८४१ साली हाऊ यांचे एलिझाबेथ एम्स हिच्याशी लग्न झाले. तीन मुले झाली. पगार आठवड्याला ९ डॉलर. प्रकृती अशी की दिवसभराच्या कामानंतर जेवायचेही त्राण उरू नये. संसाराला हातभार म्हणून एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवायला घेऊ लागली. थकून पडलेले हाऊ अंथरुणातून तिचे हात तासन् तास पाहत असत, असे चरित्रकार सांगतात.

त्या काळी हाताने शिवणे म्हणजे काय होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. पुढे शिवणयंत्रे निघाल्यावर एका कंपनीने तुलना प्रसिद्ध केली होती. पुरुषाचा एक चांगला सदरा हाताने शिवायला १४ तासांहून अधिक वेळ लागे, यंत्रावर तो सव्वा तासात होई. घरातल्या प्रत्येकाचे कपडे, चादरी, गाद्या, उशांचे अभ्रे या सगळ्यांचा हिशोब केला म्हणजे बाईच्या आयुष्याचा केवढा भाग सुईदोऱ्यात जात असे, ते कळेल.

हाऊ यांनी आधी हाताचीच नक्कल करून पाहिली. दोन्ही टोकांना अणी असलेली आणि मध्यावर नेढे असलेली सुई त्यांनी केली. सुई कापडातून आरपार जायची आणि परत यायची, अशी ती कल्पना. काही केल्या ते जमेना. अखेर १८४४ साली त्यांच्या ध्यानात आले की यंत्राने हातासारखे चालावे असा काही नियम नाही. त्यांनी नेढे सुईच्या अणीपाशी आणले. अशी सुई कापडात शिरून जराशी मागे आली की तिच्या दोऱ्याचा एक छोटा फासा कापडामागे तयार होतो. त्या फाशातून दुसरा दोरा ओवला तर दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. दुसरा दोरा ओवायला काय वापरावे, हे त्यांना सूतगिरणीच्या अनुभवाने सुचवले. मागात धोटा जसा इकडून तिकडे धावतो तसा एक लहानसा धोटा त्यांनी बसवला. आपल्या मशीनच्या पोटात आज जे शटल आणि बॉबिन असते, ते याच वंशातले. नेढ्याची ही युक्ती त्यांना स्वप्नात भाल्यांची टोके पाहून सुचली, अशीही एक दंतकथा आहे.

तांदळाचे पोते आणि गादीची खोळ

या टाक्याचे महत्त्व समजायला तांदळाचे पोते आठवावे. पोत्याचे तोंड यंत्रावरच शिवलेले असते, पण योग्य दोरा धरून ओढला की सर्रकन सगळी शिवण उसवते. तो साखळी टाका. एकाच दोऱ्याचे फासे एकमेकांत गुंतवून तो होतो. पोत्याला तो उपयोगाचा, कारण पोते उघडायचेच असते. खुर्चीच्या गादीला मात्र तो चालणार नाही. एक टाका तुटला की पाठोपाठ सारे टाके सुटतील आणि आतला फोम बाहेर डोकावेल.

दोन दोऱ्यांच्या टाक्यात तसे होत नाही. वरचा दोरा खालच्याला धरतो, खालचा वरच्याला धरतो आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत लपलेली असते. मध्ये एखादा टाका तुटला तरी शेजारचे आपापल्या जागी राहतात.

हाऊ यांच्या आधीही काहींनी शिवणयंत्रे केली होती. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिये या शिंप्याने १८३० च्या सुमारास साखळी टाक्याचे यंत्र काढले आणि सैनिकांचे गणवेश शिवायला ८० यंत्रांचा कारखाना घातला. आपले पोट जाईल या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने तो फोडून टाकला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी तर १८३० नंतरच्या वर्षांत दोन दोऱ्यांच्या टाक्याचेच यंत्र केले होते. पण त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. शिवणकामावर जगणाऱ्या गरीब बायांची भाकरी जाईल असे त्यांच्या मुलीने बोलून दाखवले आणि त्यांनी ते बाजूला ठेवले, असे सांगतात. ही भीती खोटी नव्हती. तिच्याकडे आपण पुढे वळू.

पाच मुलींशी शर्यत

कल्पना सुचली, पण लोखंड-पोलाद घ्यायला पैसे कुठे होते? जॉर्ज फिशर हे हाऊ यांचे शाळेतले मित्र केंब्रिजला कोळसा आणि लाकूड विकत. १८४४ च्या डिसेंबरात त्यांनी हाऊ कुटुंबाला आपल्या घरी आणले आणि ५०० डॉलर भांडवल दिले. बदल्यात पेटंटचा निम्मा वाटा ठरला. फिशर यांच्या माळ्यावर हाऊ हिवाळाभर खपले. १८४५ च्या एप्रिलात यंत्राने पहिली शिवण घातली. जुलैत त्यांनी लोकरीचे दोन पोशाख त्यावर शिवले, एक मित्रासाठी, एक स्वतःसाठी.

मग बोस्टनच्या क्विन्सी हॉलमधील कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी यंत्र मांडले. ते मिनिटाला २५० टाके घाली. तेथे शर्यत लागली. दहा सारख्या शिवणी तयार केल्या. पाच शिवणी पाच तरबेज मुलींना एकेक अशा दिल्या आणि पाच एकट्या हाऊ यांना. हाऊ यांच्या पाचही शिवणी आधी संपल्या. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्यांना ४७५० क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंटसाठी केलेला तो नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

वाहवा झाली, पण एकही यंत्र विकले गेले नाही. किंमत ३०० डॉलरच्या घरात. शिंप्यांना पोटाची धास्ती. शिवाय यंत्रात खोड होती. कापड एका पट्टीवर टाचण्यांना अडकवून उभे टांगावे लागे आणि पट्टीच्या लांबीइतकी सरळ शिवण झाली की थांबून ते पुन्हा टांगावे लागे. वळण घेणे त्याला जमत नसे. सोप्या शब्दांत सांगायचे तर चौकोनी गादीचा कोपरा त्यावर एका दमात शिवता आला नसता. सुमारे २००० डॉलर खर्चून बसलेले फिशर शेवटी कंटाळले.

लंडनची वारी आणि उसना पोशाख

हाऊ यांचे बंधू अमासा यंत्र घेऊन लंडनला गेले. तेथे कंचुक्या, छत्र्या आणि प्रवासी पिशव्या बनवणारे विल्यम थॉमस यांनी २५० पौंडांत ते यंत्र आणि त्याचे इंग्लंडातले हक्कही घेतले. यंत्र कंचुक्यांच्या जाड कापडाला योग्य करून द्यावे म्हणून १८४७ साली हाऊ स्वतः गेले. पगार आठवड्याला ३ पौंड. मागून बायकामुलेही आली. काम उरकले आणि मालकाशी बिनसले. परमुलखात नोकरी गेली, घर चालेना. एलिझाबेथची प्रकृती ढासळत होती. हाऊ यांनी तिला आणि मुलांना कसेबसे मायदेशी धाडले. स्वतःच्या प्रवासासाठी त्यांनी आपले पहिले यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण टाकले. जहाजावर गरीब उतारूंचा स्वयंपाक करून त्यांनी वाट काढली.

आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी त्याच काळात मुंबईहून या बेटाकडे जहाजातून प्रवास केला. परमुलखी उतरताना जवळ काही नसणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना सांगायला नको. १८४९ च्या एप्रिलात हाऊ न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात अर्धा डॉलर आणि वर थोडी चिल्लर होती.

थोड्याच दिवसांत निरोप आला की केंब्रिजला पत्नी क्षयाने शेवटच्या घटका मोजीत आहे. जायला गाडीभाडे नव्हते. वडिलांनी १० डॉलर पाठवले तेव्हा ते निघू शकले आणि तिची अखेरची भेट झाली. अंत्ययात्रेला नेसायला चांगला पोशाख नव्हता, तो मेव्हण्याकडून उसना घ्यावा लागला. कपडे शिवण्याचे यंत्र करणाऱ्या माणसाची ही स्थिती! त्यातच घरसामान घेऊन येणारे जहाज केप कॉडच्या किनाऱ्यापाशी बुडाल्याची वार्ता आली.

जिच्या श्रमांवर हा सारा डोलारा उभा राहिला, त्या एलिझाबेथला यंत्राचा एक पैसाही दिसला नाही. तिचे नाव कोणत्याही मशीनवर नाही.

सिंगर आणि खटले

हाऊ इंग्लंडात असताना अमेरिकेत त्यांचा टाका दुसऱ्यांच्या यंत्रांवर धावू लागला होता. लोक पैसे भरून ती यंत्रे पाहायला जात. १८५० साली आयझॅक सिंगर हे नाटकांत कामे करणारे, पण यंत्रविद्येत हुशार असलेले गृहस्थ बोस्टनला या धंद्यात शिरले आणि १८५१ साली त्यांनी पेटंट घेतले. सिंगर यांचे काम खरोखर मोठे आहे. त्यांनी कापड आडव्या फळीवर ठेवले, सुई सरळ उभी केली, कापड दाबून धरणारा पाय बसवला आणि यंत्र पायाने चालवण्याची सोय केली. दोन्ही हात मोकळे झाले. ॲलन विल्सन या दुसऱ्या कारागिराने कापड पुढे सरकवणारे दात सुधारले. आता कापड हवे तसे वळवता येऊ लागले आणि गादीचा कोपरा शिवणे साध्य झाले. पण सुईचे नेढे, धोटा आणि दोन दोऱ्यांची गुंफण यांचे पेटंट हाऊ यांच्याच नावावर होते.

हाऊ यांनी लंडनला गहाण पडलेले यंत्र सोडवून आणवले, वडिलांचे शेत तारण ठेवून जॉर्ज ब्लिस या भागीदाराकडून पैसा उभा केला आणि एकेकावर दावे लावले. सिंगर यांनी हंट यांना शोधून काढून त्यांचा दाखला पुढे केला. परंतु ज्यांनी वेळीच पेटंट घेतले नाही आणि यंत्र टाकून दिले, त्यांचा हक्क उरला नाही, असे ठरले. १८५४ साली निकाल हाऊ यांच्या बाजूने लागला. सिंगर यांनी १५,००० डॉलर दिले आणि पुढच्या यंत्रांवर शुल्क देण्याचे कबूल केले.

१८५६ साली तीन मोठ्या कंपन्या आणि हाऊ यांनी आपली पेटंटे एकत्र आणली. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हाऊ यांना ५ डॉलर आणि परदेशी जाणाऱ्यामागे १ डॉलर मिळावा, असे ठरले. निदान २४ कारखान्यांना परवाने दिले पाहिजेत, अशी अटही त्यांनी घातली. त्याच वर्षी सिंगर कंपनीने हप्त्याने यंत्र विकायला सुरुवात केली. एकदम पैसे देणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्याही घरी मशीन आले. १८६३ साली मॅसॅच्युसेट्सच्याच स्टर्लिंग गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी ठरावीक मापांचे कागदी नमुने विकायला काढले. शिंप्याकडे न जाता घरी बेतून घरी शिवण्याची पद्धत अमेरिकेत अशी रुजली आणि कपड्यांपासून पडदे, गाद्या, खुर्च्यांच्या खोळी यांपर्यंत गेली.

श्रीमंत शिपाई

पेटंटवर हाऊ यांना एकंदर सुमारे २० लाख डॉलर मिळाले, असा अंदाज आहे. पैसा आल्यावरचे त्यांचे वागणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले. १८६२ साली चाळिशी उलटलेले, पायाने अधू असलेले हाऊ कनेटिकटच्या १७ व्या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. अधिकाऱ्याचे पद त्यांनी घेतले नाही. कवायत झेपत नसल्याने छावणीची टपाले आणण्या-नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. सरकारकडून पगार यायला महिने लागले, तेव्हा आपल्या पलटणीचा पगार त्यांनी पदरचे पैसे आगाऊ देऊन चुकता केला.

पुढे कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथे त्यांनी कारखाना काढला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला सुवर्णपदक मिळाले आणि फ्रान्सने त्यांचा सन्मान केला. त्याच वर्षी सप्टेंबरात पेटंटची वाढवून दिलेली मुदत संपली आणि ३ ऑक्टोबर १८६७ रोजी ब्रुकलिन येथे हाऊ यांनी देह ठेवला. वय अवघे ४८. अमेरिकन टपाल खात्याने १९४० साली त्यांचे तिकीट काढले. ब्रिजपोर्टच्या समुद्राकाठच्या बागेत त्यांचा पुतळा आहे.

हाऊ यांचा टाका आपल्या गादीत

आता पुन्हा आपल्या वारांगेत येऊ. हाऊ यांचे जीवन ज्या दोन दोऱ्यांत गेले, ते नीट जुळले आहेत की नाही हे पाहूनच गादी शिवायला बसावे.

आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप मारून पाहावी. दोन्ही बाजूंना टाके सारखे दिसले म्हणजे गाठ कापडाच्या मध्यात आहे. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फासे लोंबत असतील तर वरचा दोरा सैल आहे. खालचा दोरा वर खेचून आला असेल तर वरचा फार ताणला आहे. जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई घ्यावी आणि टाका जरा लांब, सुमारे ३ मिलिमीटरचा ठेवावा. फार बारीक टाक्यांनी कापडाला भोके पडतात आणि ते तिथेच फाटते.

दोरा सुती नको. ऊन आणि दमट हवा यांनी सुती दोरा कुजतो आणि कापड धड असताना शिवण सुटते. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. कापडही बाहेरच्या वापराचे असावे, ज्याच्या धाग्यातच रंग मुरलेला असतो. वरून छापलेला रंग आपल्या उन्हात लवकर उडतो.

खोळ बेतताना फोमचे माप घेऊन प्रत्येक कडेला दीड सेंटिमीटर शिवणीसाठी सोडावे. वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि भोवतीची पट्टी असे तीन भाग होतात. मागच्या पट्टीत चेन आधीच लावून घ्यावी, म्हणजे खोळ काढून धुता येते. खुर्चीला बांधायच्या नाड्याही शिवणीतच धरून घ्याव्यात. कोपऱ्याशी आलो की सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचलावा, कापड वळवावे आणि पाय टाकून पुढे जावे. पट्टीला कोपऱ्यापाशी कात्रीने बारीकशी चीर दिली की ती चुण्या न पडता वळते. सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप मारून दोरा पक्का करावा. चारही बाजू झाल्या की शिवणीच्या मायेत, पहिल्या टिपेला लागून, दुसरी टीप मारावी. बसताना सगळा ताण कोपऱ्यांवर येतो, तो या दुसऱ्या टिपेने वाटला जातो. पाऊस लागणाऱ्या जागी खालचा तुकडा जाळीच्या कापडाचा केला तर पाणी निथळून जाते.

वेळ कोणाच्या हाती?

हंट यांच्या मुलीची भीती खोटी नव्हती, असे आम्ही वर म्हटले. शिवणयंत्र आल्यावर न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतून बाया पूर्वीपेक्षा जास्त कपडे शिवू लागल्या, पण नगामागचा दर घसरला. यंत्राने वाचवलेला वेळ त्यांच्या पदरात पडला नाही. आपल्या बेटालाही हा अनुभव नवा नाही. १९७० च्या निर्यात क्षेत्राच्या कायद्यानंतर कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि हजारो मुली-बाया मशीनवर बसल्या. त्यांच्या पगारावर घरे बांधली गेली, मुले शिकली. त्याच वेळी ठरलेले नग पुरे करताना पाठी दुखल्या आणि डोळे शिणले. जगातील कपड्यांच्या व्यापाराचे जुने नियम २००५ साली संपले. त्या सुमारास कित्येक कारखाने बंद पडले आणि अनेकींच्या हातचे काम गेले. त्यांचे कसब मात्र कुणी काढून घेऊ शकले नाही. आज बेटावरच्या अनेक घरांत सरळ टीप मारणारी आजी किंवा मावशी आहे, ती त्या वर्षांची कमाई आहे.

त्या आजीपाशी नातीने, आणि नातवानेही, एक दुपार बसावे असे आम्हास वाटते. बॉबिन कशी भरायची, दोरा कोणत्या कडीतून ओवायचा, कोपरा कसा वळवायचा, हे हाताला हात लावून जितके शिकता येते तितके वाचून येत नाही. बेतलेले कापड, चार खुर्च्यांचा फोम आणि एक चेन इतक्यात पहिला धडा होतो. खोळ तयार झाली की ती उलटी करून शिवणीचा खालचा दोरा मुलांना दाखवावा. तो गादीच्या आत जातो आणि पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. त्याच वेळी त्यांना एलियस आणि एलिझाबेथ हाऊ यांची गोष्टही सांगावी.